मंजूर आहे, पण मिळत नाही : परदेशातली लहान मुलं आणि कोविडची लस

१८ जून २०२२, शनिवार. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने सहा महिन्यांपासून पुढच्या सगळ्या मुलांना कोविडची लस द्यावी अशी शिफारस केली आणि न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत आपल्याकडच्या आईबाबांनी मुलांच्या डॉक्टरांना फोन लावायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात लंडनमधल्या त्याच वयाच्या मुलाला लस मिळण्याची काही सोय नव्हती. टोकियोत नव्हती, सिंगापूरमध्ये नव्हती. दुबईत तीन वर्षांच्या मुलाला लस मिळू शकत होती, पण ती वेगळीच, चिनी बनावटीची. आणि पुण्यात बारा वर्षांखालच्या कुणालाच सरकारी केंद्रावर लस मिळत नव्हती. भावंडं एकाच घरातली, वय तेच, विषाणूही तोच. मग एकीला लस मिळते आणि दुसऱ्याला नाही, असं का? हा प्रश्न तेव्हा प्रत्येक मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरत होता, आणि त्याची उत्तरं बहुतेक वेळा अर्धवट असायची. "मंजूर झालीये, बातमी वाच!" असं एक जण लिहायचा, आणि दुसरी लिहायची, "अगं, क्लिनिकवाले नाही म्हणाले." दोघंही खरंच बोलत असायचे.

गोम अशी की लस मंजूर होणं, ती द्यावी अशी शिफारस होणं आणि ती प्रत्यक्ष टोचून मिळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या लोकांच्या हातात असतात. सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून तो तालुक्याच्या थिएटरात लागतोच असं नाही, तसंच हे आहे.

औषध नियंत्रक फक्त एवढंच बघतो की ही लस या वयाला सुरक्षित आहे का आणि चालते का. अमेरिकेत हे काम एफडीएचं, युरोपीय संघात युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचं, ब्रिटनमध्ये एमएचआरएचं, आपल्याकडे डीसीजीआयचं. त्यानंतर दुसरी एक तज्ज्ञ समिती बसते. तिच्यापुढचा प्रश्न असा असतो की आपल्या देशात, आत्ताच्या परिस्थितीत, सरकारी पैशाने ही लस कुणाकुणाला द्यायची? ब्रिटनची जेसीव्हीआय, जर्मनीची स्टिको, ऑस्ट्रेलियाची अटागी या अशा समित्या. आणि तिसरी पायरी निव्वळ व्यवहाराची. लस खरेदी कोण करणार, कुठे ठेवणार, टोचणार कोण, आणि पैसे कोण देणार?

आपल्या देशाचंच उदाहरण घ्या. २६ एप्रिल २०२२ ला डीसीजीआयने सहा ते बारा वयोगटासाठी कोव्हॅक्सिनला आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली. कोर्बेवॅक्सलाही पाच वर्षांपासून पुढे परवानगी मिळाली. वर्तमानपत्रांत मथळे आले. पण सरकारी मोहीम १६ मार्च २०२२ ला बारा ते चौदा वयोगटापर्यंत उतरली होती, ती तिथेच थांबली. त्यामुळे पुण्यातल्या सात वर्षांच्या मुलासाठी कागदावर दोन लसी होत्या आणि कोविनवर एकही नव्हती. परदेशात राहणाऱ्या आईवडिलांना हाच अनुभव दुसऱ्या भाषेत आला, इतकंच.

आता लसीकडे जरा जवळून बघू, कारण बरीचशी गुंतागुंत त्या इवल्याशा कुपीतच आहे.

"मोठ्यांच्या लसीतलाच थोडा भाग मुलाला द्यायचा, त्यात काय एवढं?" असं अनेकांना वाटायचं. फायझरच्या मोठ्यांच्या मूळ डोसमध्ये ३० मायक्रोग्रॅम लस असायची. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना १० मायक्रोग्रॅम, आणि सहा महिने ते चार वर्षं या वयाला फक्त ३ मायक्रोग्रॅम. म्हणजे मोठ्यांच्या एक दशांश. मॉडर्नाने सहा महिने ते पाच वर्षं या गटासाठी २५ मायक्रोग्रॅम ठरवले, मोठ्यांच्या मूळ १०० मायक्रोग्रॅमच्या एक चतुर्थांश. दोन्ही कंपन्यांनी चाचण्या करून, ताप किती येतो आणि प्रतिपिंडं किती तयार होतात ते बघून हे आकडे काढले होते. फायझरने लहानग्यांसाठी डोस फारच कमी ठेवला, त्यामुळे ताप वगैरे त्रास कमी झाला, पण डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीला सांगावं लागलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांमध्ये दोन डोसांनी अपेक्षित प्रतिकारशक्ती दिसली नाही. मग तिसरा डोस जोडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एफडीएच्या सल्लागारांची ठरलेली बैठकही पुढे ढकलली गेली आणि आईवडिलांची आणखी चार महिने रखडपट्टी झाली. म्हणून फायझरचं वेळापत्रक तीन डोसांचं झालं : पहिला, तीन आठवड्यांनी दुसरा, आणि त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी तिसरा. मॉडर्नाचं दोन डोसांत आटपायचं.

फायझरच्या कुप्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून टोपणांना रंग होते. मोठ्यांची जांभळी, नंतर राखाडी. पाच ते अकराची नारिंगी. छोट्यांची मरून. मरून टोपणाच्या कुपीत नर्स २.२ मिलिलीटर सलाईन घालायची, कुपी न हलवता हळुवार उलटीपालटी करायची, आणि त्यातून ०.२ मिलिलीटरचा एकेक डोस, असे दहा डोस काढायची. एकदा पातळ केली की ती कुपी बारा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची.

हा "दहा डोस, बारा तास" हिशेब लक्षात आला की क्लिनिकचं वागणं एकदम उमगतं. रिसेप्शनिस्ट म्हणते, "फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी," किंवा "तुमचं नाव यादीत घालते, मुलं जमली की कळवते." आपल्याला वाटतं टाळतेय. प्रत्यक्षात तिच्याकडे एक मूल आलेलं असतं आणि कुपी दहा जणांची असते. ज्या गावात मागणी कमी तिथे एकही कुपी मागवायला डॉक्टर धजत नाहीत. आणि मागणी खरोखरच कमी होती. खुद्द अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये एक तरी डोस घेतलेली मुलं दहात एकाच्या आसपासच राहिली. पुढे २०२३ च्या हिवाळ्यासाठी तीन डोसांची पिवळ्या टोपणाची कुपी आली तेव्हा ही अडचण बरीच हलकी झाली.

मोठ्यांच्या लसीतून लहानांचा डोस काढण्याचा उद्योग मात्र जगात कुठेच झाला नाही असंही नाही. जर्मनीत काही बालरोगतज्ज्ञांनी पाच वर्षांखालच्या मुलांना अधिकृत परवानगीच्या आधीच, पालकांची लेखी संमती घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर लस दिली. याला ऑफ-लेबल वापर म्हणतात आणि डॉक्टरने समजून-उमजून केला तर तो बेकायदा नसतो. पण असा डॉक्टर शोधायचा म्हणजे जर्मन भाषा, ओळखीपाळखी आणि कधीकधी दोन-तीनशे किलोमीटरचा प्रवास आला. म्युनिक किंवा फ्रँकफर्टला नोकरीसाठी नुकत्याच आलेल्या आपल्या माणसाला ते जमणं अवघडच.

मग समित्यांमध्ये एवढा फरक का? इथे पालकांचा सगळ्यात जास्त संताप व्हायचा. "अमेरिकेला जे कळतं ते ब्रिटनला कळत नाही का?" कळत होतं. पण प्रश्नच वेगळा होता.

जेसीव्हीआयने फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच ते अकरा वयोगटाचा निर्णय दिला तेव्हा त्यांच्यासमोर एक अंदाज होता : जानेवारी २०२२ अखेरपर्यंत इंग्लंडमधल्या या वयाच्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांना आधीच कोविड होऊन गेला आहे. आधीच संसर्ग झालेल्या निरोगी मुलाला लसीने मिळणारा जादा फायदा थोडा. त्यामुळे त्यांनी सक्तीचा सूर न लावता, "हवी असेल तर घ्या" अशा शब्दांत लस देऊ केली. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलांना तर ती दिलीच नाही. अमेरिकेतही चित्र फार वेगळं नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ७५ टक्के मुलांच्या रक्तात संसर्गाची खूण सापडली होती. पण तिथल्या समितीने हिशेब असा मांडला की लहान मुलं थोडी का होईना, रुग्णालयात दाखल होत आहेत, काही दगावत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधीचा कुठलाही आजार नाही. जपानमध्ये तोवर संसर्ग खूपच कमी मुलांना झालेला, म्हणजे बहुसंख्य मुलं अजून कोरी होती. त्यामुळे ५ ऑक्टोबर २०२२ ला मंजुरी मिळताच जपानने सहा महिने ते चार वर्षं या सगळ्यांसाठी शिफारस केली आणि लस मोफत ठेवली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचा हिशेब प्रामाणिक होता. फक्त ब्रिटनने पालकांना "तुम्हाला हवीच असेल तर पैसे भरून घ्या" अशीही वाट ठेवली नाही, ते खटकतं. कांजिण्यांची लस तेव्हा तिथे सरकारी वेळापत्रकात नव्हती, पण खासगीत विकत मिळायची. कोविडची लस २०२४ पर्यंत कुठल्याही किमतीला मिळत नव्हती, आणि नंतर मोठ्या औषधदुकानांत विकत मिळू लागली तीही बारा वर्षांच्या पुढच्यांना.

हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची जी भीती होती ती मुख्यतः किशोरवयीन आणि विशीतल्या मुलग्यांबद्दलची होती, तीही दुसऱ्या डोसनंतर. पाच वर्षांखालच्या मुलांत अमेरिकेच्या सुरक्षा-निरीक्षणात तसा धोका दिसून आला नाही. गटांवर फिरणारे व्हिडिओ या दोन वयांची सर्रास सरमिसळ करायचे.

कुठे राहता यावर बाकीचं सगळं ठरायचं, म्हणून काही देश जवळून बघण्यासारखे आहेत.

इंग्लंडमध्ये एक विचित्र रेषा होती. पाच ते अकराची सर्वांसाठीची सोय ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांपुरतीच ठेवली गेली. शाळेचं वर्ष १ सप्टेंबरला बदलतं, म्हणून ही तारीख. परिणाम काय, तर ३० ऑगस्ट २०१७ ला जन्मलेल्या मुलाला लस मिळू शकली आणि ३ सप्टेंबरला जन्मलेल्या त्याच्या मित्राला, प्रकृती तशीच धडधाकट असून, नाही. त्याहून लहानांसाठी एमएचआरएची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये आली, पण लस मिळायला लागली जून २०२३ मध्ये, आणि तीही फक्त ज्यांना गंभीर आजाराचा धोका आहे अशा मुलांना. लेस्टर किंवा हाउन्स्लोमधल्या आपल्या आया जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, हेलपाटे घालायच्या आणि जीपी हात वर करायचा. यात जीपीचा दोष नव्हता. लस त्याच्या फ्रीजमध्येच नसायची, आणि कुणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसायचा.

जपानमध्ये उलट. तिथे वाद घालावा लागत नव्हता, पण कागद लागायचा. महापालिकेकडून, रहिवासी नोंदणीतल्या पत्त्यावर, लसीचं कूपन पोस्टाने यायचं. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची दाट वस्ती आहे. तिथून कंपनीच्या बदलीमुळे कुणी योकोहामाला घर हलवलं की आधीचं कूपन बाद. नव्या ठिकाणी पत्ता नोंदवून नव्याने अर्ज करायचा. शिवाय जपानचा एक नियम आपल्या लोकांना हटकून अडवायचा : कोविडची लस आणि दुसरी कुठलीही लस यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर हवं, फ्लू सोडून. एक-दीड वर्षाच्या बाळाचं लसीकरणाचं वेळापत्रक आधीच गच्च असतं. त्यात तीन डोस बसवायचे म्हणजे आईला फ्रीजवर तक्ता लावल्याशिवाय भागायचं नाही. पाचवा वाढदिवस मध्येच आला तर काय, याचं उत्तर जपानने सरळ ठेवलं होतं. पहिला डोस घेताना जे वय होतं त्याचीच लस पुढच्या दोन्ही डोसांना. इतर देशांत हा नियम वेगळा असायचा, त्यामुळे वाढदिवस जवळ असेल तर आधी विचारून घेणंच बरं.

सिंगापूरने २५ ऑक्टोबर २०२२ पासून सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांना मॉडर्ना द्यायला सुरुवात केली, ठरावीक केंद्रांवर. हाँगकाँगने त्याआधीच, ४ ऑगस्टपासून, सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत सिनोव्हॅक ही चिनी लस उतरवली होती. शिवाय तिथे ३० सप्टेंबरपासून लसपासाची अट पाच वर्षांच्या मुलांना लागू झाली, म्हणजे हॉटेलात जेवायला जायचं तरी मुलाची लस हवी. संयुक्त अरब अमिरातींनी ऑगस्ट २०२१ मध्येच, ९०० मुलांवर केलेल्या अभ्यासानंतर, तीन ते सतरा वयाला सिनोफार्म मंजूर केली. दुबई-शारजातल्या आपल्या घरांमध्ये तेव्हा वेगळाच पेच होता. आत्ता मिळतेय ती चिनी लस घ्यायची, की फायझरची वाट बघायची? ज्यांना पुढे अमेरिका किंवा कॅनडाला जायचं होतं ते बहुतेक थांबले. आणि क्युबा सप्टेंबर २०२१ मध्येच स्वतः बनवलेली लस दोन वर्षांच्या मुलांना टोचत होता.

अमेरिकेत मंजुरी होती, शिफारस होती, लस मोफत होती आणि तुमचा व्हिसा कुठला हे कुणी विचारत नव्हतं. एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेलं मूल काय किंवा आजोळी सुट्टीला आलेलं मूल काय. तरी लोक अडकायचे, ते औषधांच्या दुकानात. मोठ्यांनी आपली लस कोपऱ्यावरच्या फार्मसीत घेतलेली, म्हणून दोन वर्षांच्या पिल्लाला घेऊन तिथेच जायचे आणि परत यायचे. साथीच्या काळातल्या केंद्रीय परवानगीनुसार फार्मासिस्टला तीन वर्षांच्या पुढच्यांनाच टोचायची मुभा होती. त्याहून लहान असेल तर मुलांचा डॉक्टर किंवा कौंटीचं आरोग्य केंद्र. आणि मुलांच्या डॉक्टरकडे जायचं तर आधी नाव नोंदवलेलं हवं, नव्या रुग्णाला दीड महिन्याने वेळ मिळणार. नुकतंच पुण्याहून डॅलसला उतरलेलं कुटुंब इथे हमखास रखडायचं. नवीन देशात घर आणि शाळा बघण्याआधी मुलाचा डॉक्टर नोंदवून ठेवा, हा सल्ला कोविडपुरता मर्यादित नाही.

पासपोर्टचा उपयोग काय? जवळजवळ काही नाही. अनेकांची समजूत असते की आपल्या देशाचा दूतावास मदत करेल. चीनने परदेशातल्या आपल्या नागरिकांना लस देण्याची मोहीम काढली, फ्रान्सनेही काही देशांत आपल्या लोकांसाठी लस पाठवली. पण अमेरिकेने आपल्या नागरिकांना स्पष्ट सांगितलं की परदेशात खासगी कामासाठी राहणाऱ्यांना आम्ही लस पुरवणार नाही, तुम्ही राहता त्या देशाची व्यवस्था वापरा. म्हणजे अमेरिकेत जन्मलेलं, निळा पासपोर्ट असलेलं आणि आईबाबांबरोबर बंगळूरला राहायला आलेलं तीन वर्षांचं मूल २०२२ मध्ये भारतातल्या नियमांनीच मोजलं जात होतं. फायझरने फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतातला आपला अर्ज मागे घेतला होता, आणि फायझर-मॉडर्नाच्या प्रकारची आपली पहिली देशी एमआरएनए लस, पुण्याच्या जेनोव्हाची, जून २०२२ मध्ये मंजूर झाली ती अठरा वर्षांच्या पुढच्यांसाठी. त्यामुळे अशा मुलाला लस हवी असेल तर विमानाचं तिकीट काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काही जणांनी ते काढलंही. उन्हाळ्यात मोठी सुट्टी घेऊन गेले आणि मॉडर्ना निवडली, कारण तिचे दोन डोस एका मुक्कामात बसायचे. फायझरचे तीन म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा मुक्काम.

अर्धा कोर्स एका देशात आणि उरलेला दुसऱ्या देशात, हा सगळ्यात वाईट प्रकार. अमेरिकेत सुरुवातीला पाच वर्षांखालच्या मुलांना पहिले सगळे डोस एकाच कंपनीचे लागायचे. लंडनला बदली झाली की फायझरचा तिसरा डोस तिथे नाही, मुंबईला आलात तर फायझरच नाही. उलट दिशेनेही घोळ होताच. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना महाराष्ट्रात कोर्बेवॅक्स मिळाली. त्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेच्या आणीबाणीच्या यादीत जागा मिळाली जानेवारी २०२४ मध्ये. तोवर परदेशी शाळेत किंवा क्लिनिकमध्ये ते प्रमाणपत्र दाखवलं की समोरच्याला ती कुठली लस हेच माहीत नसायचं. मुलाच्या शरीरात प्रतिकारशक्ती असते, पण संगणकातल्या यादीत तिचं नाव नसतं, आणि कारकून यादीवर चालतो. सिनोफार्म किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्या मुलांनाही कमीअधिक फरकाने हेच. अशा वेळी नव्या देशातल्या मुलांच्या डॉक्टरकडे जुनं प्रमाणपत्र ठेवायचं आणि पुढे किती डोस द्यायचे हे त्यांनाच ठरवू द्यायचं.

आत्ताची स्थिती तेव्हापेक्षा बरीच बदललेली आहे, आणि जुनी माहिती पुढे ढकलली जाते म्हणून हे नीट वाचा. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी निरोगी मुलांना कमी प्राधान्याच्या गटात टाकलं आणि निर्णय प्रत्येक देशावर सोडला. जर्मनीच्या स्टिकोने एप्रिल २०२३ मध्ये निरोगी मुलांची शिफारस काढून टाकली. आजारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांसाठी ती कायम राहिली. ब्रिटनने २०२५ मध्ये वर्तुळ आणखी आवळलं. मुलांपैकी आता फक्त प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनाच लस. जपानमधली मोफत सोय मार्च २०२४ अखेर संपली.

अमेरिकेत सगळ्यात मोठी उलथापालथ झाली. सप्टेंबर २०२३ पासून लस बाजारात गेली, म्हणजे सरकार थेट मोफत वाटायचं ते थांबलं आणि इन्शुरन्स मध्ये आला. इन्शुरन्स नसलेल्या मुलांसाठी 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' ही १९९४ पासून चालू असलेली सरकारी योजना आहे, आणि ती आपल्या अनेक नव्याने आलेल्या कुटुंबांना ठाऊकच नसते. मग मे २०२५ मध्ये निरोगी मुलांसाठीची सरसकट शिफारस काढली गेली. "डॉक्टर आणि पालकांनी बोलून ठरवावं" असं तिचं रूप झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने पाच वर्षांखालच्यांसाठीची फायझरची आणीबाणीची परवानगी रद्द केली. या वयाला उरली मॉडर्ना, आणि तीही किमान एक आजार किंवा जोखीम असलेल्या मुलांसाठी मंजूर. त्याच महिन्यात अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र सहा ते तेवीस महिन्यांच्या सर्व मुलांना लस द्यावी असं आपलं वेगळं वेळापत्रक काढलं. सरकार एक सांगतं आणि डॉक्टरांची संघटना दुसरं, असं चित्र तिथे याआधी क्वचितच दिसलं असेल. म्हणून तिथल्या पालकाने आता गटावर विचारण्याऐवजी मुलाच्या डॉक्टरला विचारावं, आणि इन्शुरन्स कंपनी पैसे देणार का हे टोचण्याआधी लेखी घ्यावं.

ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीची अटही गेली. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यात कोविडची लस धरलेली होती, जानेवारी २०२५ मध्ये ती काढली. अजूनही काही एजंट तिच्या नावाखाली घाबरवतात.

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी कुठल्याच देशात कोविडची लस नाही. आईने गरोदरपणी घेतली असेल तर प्रतिपिंडं बाळापर्यंत पोहोचतात, तेवढाच आधार. आणि खरं सांगायचं तर सुट्टीत मूल घेऊन भारतात येणाऱ्यांनी कोविडपेक्षा गोवराच्या लसीची चौकशी आधी करावी. परदेशात पहिला डोस बहुधा वर्षाच्या पुढे देतात, आपल्याकडे नवव्या महिन्यात. प्रवास त्या मधल्या काळात असेल तर डॉक्टर एक जादा डोस लवकर देऊ शकतात.

आता प्रत्यक्ष चौकशीबद्दल. फोनवर "तुमच्याकडे मुलांची कोविड लस आहे का?" असं विचारलं की "हो" येतं, आणि तिथे गेल्यावर कळतं की ती पाच वर्षांच्या पुढच्यांची आहे. मुलाची जन्मतारीख सांगा आणि विचारा : या वयाची कुठल्या कंपनीची लस, किती मायक्रोग्रॅमची, आणि ती आज तुमच्या फ्रीजमध्ये आहे की मागवावी लागेल? शिफारस फक्त जोखमीच्या मुलांसाठी असेल तर मुलाच्या दम्याची, जन्मजात हृदयविकाराची, अपुऱ्या दिवसांच्या जन्माची कागदपत्रं बरोबर ठेवा. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी चालते, पण ती इंग्रजीत, तारखेसह आणि नोंदणी क्रमांकासह हवी. कोणती जोखीम धरली जाते याची यादी दर देशाची वेगळी असते, तेव्हा "आमच्या मुलाला होत नाही हो काही" असं सांगून विषय संपवू नका. आधी यादी बघा.

लस टोचून झाली की कार्डावर चार गोष्टी लिहिल्यात का ते तिथेच उभं राहून बघा : लसीचं नाव, डोसचं प्रमाण, बॅच क्रमांक, तारीख. जपानी किंवा जर्मन नोंद असेल तर इंग्रजी प्रत मागा. देश सोडल्यावर ती मिळवताना नाकीनऊ येतात. जर्मनीत मिळणारी पिवळी पुस्तिका, ब्रिटनची लाल पुस्तिका आणि आपल्या महाराष्ट्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड, या सगळ्यांच्या पानांचे फोटो एकाच ठिकाणी ठेवा. तारखेकडे मात्र विशेष लक्ष. आपल्या कार्डावर ०३/०४/२०२२ म्हणजे तीन एप्रिल, अमेरिकेतल्या नर्ससाठी तो चार मार्च. दोन डोसांमधलं अंतर कमी भरलं की तिकडची संगणकप्रणाली डोस अवैध ठरवते आणि मुलाला विनाकारण पुन्हा टोचतात. महिना अक्षरात लिहून घ्या.